नाताळ, शुद्ध शाकाहारी

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, उपासनेहून परतताना
आई रिक्षात म्हणाली, "औंदा मी नही रांधस."
छत्री विसरली म्हणावं, तितक्या सहज.
पप्पांनी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.
कोंबडा तर आधीच येऊन बसला होता घरी,
साक्रीच्या बाजारातला, घासाघीस करून आणलेला,
पेरूच्या बुंध्याला, तांबड्या नाडीनं.

एकेचाळीस नाताळ.
मी नव्हते मोजत, तीच मोजत होती
खोबरं भाजताना, मिरच्यांची देठं खुडताना.
काळ्या मसाल्याचा ठसका गल्लीच्या टोकापर्यंत जायचा
आणि आम्ही नव्या कपड्यांत दारात उभे,
येणाऱ्याजाणाऱ्याचा हात हातात घेत.
आत ती, जुन्याच पातळात.
तिच्या हातच्या रश्श्याला कोण काय म्हणालं
ते घरात सगळ्यांना पाठ आहे.
ती किती वाजता जेवली, ते विचारा.

तर पंचवीस तारीख, रात्री आठ,
धुळ्याच्या थंडीत आम्ही नऊ जण
साक्री रोडवरच्या एका हॉटेलात.
बाकी सगळीकडे सुट्टीची गर्दी, तासभर थांबा म्हणाले.
इथं दोन टेबलं जोडून मिळाली, एक पाय डुगडुगता.
पप्पांनी खाली चर्चची पत्रिका घातली, चार घड्या करून,
मग चपापून काढली, आणि बसचं तिकीट सरकवलं.
केझियाची पोरं विचारत राहिली, चिकन कुठाय?
उत्तर भिंतीवर होतं, हिरव्या अक्षरांत.

आईनं मेनूकार्ड घेतलं
आणि उत्पत्तीपासून सुरुवात केली.
सूप. पापड. कोशिंबीर. ओळीखाली बोट.
पनीरच्या वंशावळीतून ती सावकाश गेली,
एकही पिढी न गाळता.
मग कार्ड मिटून म्हणाली, "शेवभाजी. तर्री जास्त."
"अगं, ती तर घरी..."
"घरची मी केलेली असते."

पप्पा प्रार्थनेला उभे राहिले.
तीस वर्षं मिशन शाळेत शिकवलेला माणूस,
त्यांना हळू बोलता येत नाही.
पलीकडच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस होता,
त्यांची सुरी केकवर तशीच थांबली.
"...आणि ज्या हातांनी हे अन्न शिजवलं..."
इथं सवयीनं त्यांची मान आईकडे वळली.
तिचे डोळे मिटलेले. माझे नव्हते.
तिनं डोळे न उघडता बोट दाखवलं,
भटारखान्याकडे.

आमेन आम्ही नऊ जण म्हणालो.
ऐकू आले दहा.

रोट्यांची टोपली धरून पोरगा उभा होता,
किती वेळ, कोण जाणे. रोट्या गार.
"कोठला शे रे भाऊ?" आईनं विचारलं.
"अक्कलकुव्याच्या वरचा."
"नाव?"
"नतानिएल. इथं नात्या म्हणतात."
"घरी कधी?"
"गिऱ्हाईक संपलं की."
पप्पा खिसा चाचपू लागले.
आई म्हणाली, "आणि तुला कोण वाढतं?"
तो हसला, टोपली घेऊन आत गेला,
आणि नव्या, फुगलेल्या रोट्या घेऊन आला.
बिलात त्या नव्हत्या. मी नंतर पाहिलं.

शेवभाजीत मीठ जरा जास्त होतं.
आई बोलली नाही. तिनं दुसऱ्यांदा घेतली.
घाम फुटला, पदरानं नाक पुसलं, पुन्हा वाटी पुढे केली.
जेवण झाल्यावर हात आपसूक ताटांकडे गेले,
एकात एक दोन ताटं ठेवली,
मग तिनं ती पुन्हा वेगळी केली,
जिथली तिथं ठेवली,
आणि हात मांडीवर घेऊन बसली,
गाडीला अजून वेळ आहे अशी.

घरी आलो तेव्हा पावणेअकरा.
ती स्वैपाकघरात गेली, दिवा लावला,
शेगडीकडे पाहिलं,
दिवा मालवला.
अंगणात कोंबड्यानं पाय बदलला.
पप्पा अंधारात उभे, टोपी हातात.
"मग उद्या?"
"उद्याचं उद्या," आई म्हणाली,
आणि आतून कडी घातली.